विसंगत वाक्याचा शोध : मराठी परिच्छेदाचे शिक्षण आणि उरण

प्राथमिक शाळेच्या वरच्या वर्गांत भाषेच्या तासाला एक लहानसा सराव घेतला जातो. फळ्यावर किंवा सरावपुस्तिकेत पाच-सहा वाक्यांचा एक परिच्छेद दिलेला असतो, त्यातले एक वाक्य विषय सोडून असते आणि ते विद्यार्थ्याने हुडकून काढायचे असते. शालेय परिभाषेत अशा वाक्याला विसंगत वाक्य म्हणतात. म्हणजे जे व्याकरणाने शुद्ध असते, अर्थानेही बहुधा खरे असते, पण शेजारच्या वाक्यांनी मिळून जो एक मुद्दा मांडला आहे त्याच्याशी ज्याचे नाते जुळत नाही असे वाक्य. हा सराव दिसायला इतका साधा आहे की त्यामागे काही इतिहास असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. वस्तुतः तो शक्य होण्यापूर्वी मराठी लेखनाला वाक्य कोठे संपते हे कागदावर दाखवण्याची सोय करून घ्यावी लागली, मग काही वाक्यांचा गट वेगळा पाडून त्याला परिच्छेद म्हणण्याची रीत रुजवावी लागली, आणि त्यानंतरच एका परिच्छेदात एकच मुद्दा असावा हा नियम शाळेच्या दारापर्यंत येऊ शकला. या तिन्ही गोष्टी मुख्यतः एकोणिसाव्या शतकात घडल्या. रायगड किनाऱ्यावरील उरणच्या बाजूने पाहिले असता त्यांचा अर्थ अधिक स्पष्ट दिसतो. कारण उरण मुंबईच्या समोर, पाण्याच्या पलीकडच्या काठावर आहे, कंपनी सरकारच्या अमलाखाली ते पुण्याच्या आधी सुमारे त्रेचाळीस वर्षे गेले, आणि तरीही तेथील बहुसंख्य घरांची बोली आगरी किंवा कोळी राहिली व लिहिलेल्या मराठीशी त्या घरांचा संबंध दीर्घकाळ मिठाच्या, जकातीच्या आणि जमिनीच्या कागदांपुरताच आला.

विषयाला सोडून केलेले विधान हा दोष आहे, ही जाणीव मात्र भारतीय परंपरेला मुळीच नवी नव्हती. गौतमाच्या न्यायसूत्रांच्या पाचव्या अध्यायात वादात पराभव ठरवणारी बावीस निग्रहस्थाने सांगितली आहेत; निग्रहस्थान म्हणजे जेथे प्रतिपक्षाला पकडता येते असे स्थान. त्यांपैकी एकाचे नाव अर्थांतर असे आहे, आणि चालू विषयाशी संबंध नसलेली गोष्ट बोलणे हे त्याचे लक्षण आहे. शब्द नित्य की अनित्य असा वाद चालू असताना एखाद्याने शब्दाची व्याकरणातील व्युत्पत्ती सांगायला घेतली, तर त्याचे सांगणे खरे असूनही तो हरला, असा हा नियम होता. मीमांसकांची दृष्टी याहून निराळी होती, आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तीच अधिक विचार करण्याजोगी आहे. वेदातील विधिवाक्यांच्या शेजारी स्तुतीची किंवा निंदेची, वरवर पाहता अवांतर वाटणारी, अनेक वाक्ये येतात. मीमांसकांनी ती वगळली नाहीत. त्यांना अर्थवाद असे नाव देऊन, विधीकडे मन वळवणे हे त्यांचे काम आहे असे दाखवले आणि विधिवाक्याशी त्यांची एकवाक्यता, म्हणजे मिळून एकच तात्पर्य सांगण्याची क्षमता, सिद्ध केली. ग्रंथाचे तात्पर्य ठरवताना त्याचा उपक्रम आणि उपसंहार, म्हणजे आरंभ आणि शेवट, जुळवून पाहावा हा दंडकही याच शास्त्रविचारातून रूढ झाला. नैयायिक अवांतर वाक्याला दोषी ठरवतो, मीमांसक त्याचे प्रयोजन विचारतो. आजच्या शालेय सरावाने यांपैकी पहिली वाट उचलली आणि दुसरी सोडून दिली, ही या सरावाच्या इतिहासातील खरी उणीव आहे.

मराठी वाङ्मयातही विषयाची एकता सांभाळण्याचे स्वतःचे प्रकार होते. ज्ञानेश्वर दृष्टांतांची मालिका लांबली की श्रोत्यांना तसे सांगून मूळ प्रतिपादनाकडे परततात, म्हणजे विषयांतर झाले आहे याची नोंद ते स्वतःच काव्यात करतात. समर्थ रामदासांचा दासबोध वीस दशकांत आणि दोनशे समासांत विभागलेला असून प्रत्येक समासाला त्याचा विषय सांगणारे नाव आहे. एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास तर लेखनक्रियेच्या निरूपणाचाच आहे. परंतु त्यात सांगितलेले नियम बोरू, शाई, अक्षराचे वळण, ओळींमधील अंतर आणि समासाची जागा यांविषयीचे आहेत, वाक्यांच्या परस्परसंबंधाविषयीचे नाहीत. कीर्तनात पूर्वरंग आणि उत्तररंग असे दोन भाग असतात. पूर्वरंगात एखाद्या अभंगाचे निरूपण होते आणि उत्तररंगात त्या निरूपणाला पोषक असे आख्यान लावले जाते. चांगल्या कीर्तनकाराची आडकथा कितीही दूर गेली तरी ती शेवटी मूळ अभंगाला येऊन मिळते, आणि गावातल्या निरक्षर श्रोत्यालाही ती मिळाली की नाही हे बरोबर कळते. हे ज्ञान सर्वांना होते, पण ते कोणी मुलांना पाटीवर शिकवत नव्हते.

कचेरीच्या लेखनाची शिस्त याहून वेगळी आणि कडक होती. पेशवाईतील दप्तर मोडी लिपीत लिहिले जाई. आधी संपूर्ण ओळीची शिरोरेघ ओढून तिच्याखाली अक्षरे लिहीत जाण्याची रीत असल्यामुळे शब्दांमध्ये जागा राहत नसे, आणि वाक्य संपल्याचे चिन्हही नसे. वाचणाऱ्याला वाक्याचा शेवट क्रियापदावरून ओळखावा लागे. तरीही या लेखनात विषय एकमेकांत मिसळत नसत, कारण यादी, तह किंवा आज्ञापत्र यांत प्रत्येक बाबीचे स्वतंत्र कलम पाडले जाई. कलम म्हणजे एका विषयापुरता मजकूर. एका कलमात दुसऱ्या बाबीचा उल्लेख आला तर हिशेबात, जमाबंदीत आणि पुढे न्यायनिवाड्यात घोटाळा होण्याची भीती असे. पत्रांतही आरंभीचा मायना, मधला मजकूर आणि अखेरची ठरीव वाक्ये यांचा क्रम पक्का असे, आणि हेमाद्रीच्या नावावर सांगितली जाणारी मेस्तके, म्हणजे दप्तरी लेखनाच्या पद्धती सांगणारी टिपणे, हाच क्रम नव्या कारकुनांच्या अंगवळणी पाडत. परिच्छेद हा शब्द शाळेत येण्यापूर्वी मराठी लेखनात एका मुद्द्याचे एकक कोणते, असा प्रश्न विचारला तर कलम हेच त्याचे प्रामाणिक उत्तर आहे.

उरणला अशा कलमांच्या कागदांची ओळख लवकर झाली आणि ती एकाहून अधिक राजवटींच्या दप्तरांतून झाली. जुन्या कागदांत हा भाग करंजा बेट म्हणून येतो. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात घेतलेले हे बेट अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात मराठ्यांकडे आले, १७७४ च्या अखेरीस साष्टीबरोबर ते इंग्रजांनी जिंकले, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ते त्यांच्याकडेच कायम झाले. पेशवाई १८१८ मध्ये बुडाली तेव्हा उरणकरांची एक संपूर्ण पिढी कंपनीच्या अमलात वाढलेली होती. मिठागरे, मोऱ्याचे बंदर आणि तेथील जकात, मोहाच्या दारूच्या भट्ट्या आणि खाडीचे पाणी अडवून तयार केलेली खारी भातजमीन यांवर गावाचा व्यवहार चाले, आणि या प्रत्येक व्यवहाराला पावती, परवाना, कबुलायत असा कागद लागे. कागद लिहिणारे थोडे होते, त्यांवर अंगठा उठवणारे पुष्कळ होते. उरण आणि पनवेलचा भाग १८८३ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता, त्या वर्षी तो कुलाबा जिल्ह्याला जोडला गेला आणि १ जानेवारी १९८१ पासून या जिल्ह्याचे नाव रायगड झाले.

त्या काळातील मुलांचे शिक्षण म्हणजे पंतोजींची शाळा. धुळपाटीवर मुळाक्षरे, मग बाराखड्या, त्यानंतर पाढे, पावकी-निमकीची उजळणी, तोंडी हिशेब आणि शेवटी मोडी वाचन व पत्राचे मायने, असा तिचा क्रम असे. मुलाने स्वतःच्या मनाने चार वाक्ये जुळवून लिहावीत ही अपेक्षा त्या शाळेत नव्हती, त्यामुळे त्यांतले एखादे वाक्य विषयाबाहेरचे आहे की काय हा प्रश्नही उद्भवत नव्हता. पाठांतरात चूक होते, विसंगती होत नाही.

बदल छापील पुस्तकांनी घडवला. मुंबईत १८२२ मध्ये शाळा आणि शालेय पुस्तके यांसाठी एतद्देशीयांची सोसायटी स्थापन झाली, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या कारकिर्दीत तिला सरकारी पाठबळ मिळाले, आणि कॅप्टन जॉर्ज जर्विस यांच्या देखरेखीखाली मराठी पाठ्यपुस्तके तयार होऊ लागली. सदाशिव काशिनाथ उर्फ बापू छत्रे यांनी १८२८ मध्ये बाळमित्र आणि इसापनीती ही पुस्तके दिली. यांपैकी बाळमित्र हे बेर्कें या फ्रेंच लेखकाच्या मुलांसाठीच्या पुस्तकावरून, इंग्रजीच्या द्वारे, मराठीत आले. इसापाची गोष्ट ही विसंगत वाक्याच्या दृष्टीने महत्त्वाची आहे, कारण तिच्या शेवटी तात्पर्य असते आणि त्या तात्पर्याला न लागणारे काहीही गोष्टीत ठेवायचे नसते. मराठी मुलाच्या हाती पडलेला एकाच मुद्द्यासाठी रचलेला पहिला छापील गद्य मजकूर बहुधा हाच असावा.

परंतु वाक्याचा शेवट दाखवणारी चिन्हे अजून स्थिर झाली नव्हती. दादोबा पांडुरंग यांचे मराठी व्याकरण १८३६ मध्ये छापले गेले आणि शब्दांच्या जाती, विभक्ती व प्रयोग यांची शालेय मांडणी सुरू झाली. मोल्सवर्थ यांच्या कोशाच्या कामात ज्यांचा मोठा वाटा होता त्या थॉमस कँडी यांनी १८५० मध्ये विरामचिन्हांची परिभाषा प्रसिद्ध केली. पूर्णविराम, स्वल्पविराम, अर्धविराम, प्रश्नचिन्ह यांचा मराठीतील नियमबद्ध वापर या प्रयत्नापासून पसरत गेला, आणि पुढील पाव शतकात सरकारी पाठ्यपुस्तकांवर कँडी यांचा हात फिरत असल्यामुळे तो शाळाशाळांत पोहोचला. या सुधारणेवर इंग्रजी वळणाचा आरोप त्या काळीही झाला आणि तो अगदीच निराधार नव्हता, तरीही तिने केलेले काम मोलाचे आहे. मोडीच्या सलग ओळीत एक वाक्य उचलून बाजूला ठेवणे हे फक्त मुरलेल्या वाचकाला जमण्यासारखे होते. पूर्णविराम आल्यावर ते आठ-दहा वर्षांच्या मुलालाही जमू लागले.

परिच्छेद रुळवण्याचे काम वृत्तपत्रांनी केले. बाळशास्त्री जांभेकरांच्या दर्पणात, ६ जानेवारी १८३२ पासून, इंग्रजी आणि मराठी मजकूर समोरासमोरच्या स्तंभांत छापला जाई, तेव्हा इंग्रजीतील परिच्छेदांची विभागणी मराठी स्तंभात उतरणे साहजिक होते. उरणपासून दूर नसलेल्या पेणचे गोविंद विठ्ठल कुंटे उर्फ भाऊ महाजन यांनी १८४१ मध्ये प्रभाकर काढला आणि त्यात १८४८ पासून लोकहितवादींची पत्रे आली. एका पत्रात एका विषयाचा समाचार घ्यायचा, आरंभी तो मांडायचा आणि त्यावर निर्णय देऊन थांबायचे, ही पत्रांची घडण मराठी वाचकाला नवी होती. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या निबंधमालेने १८७४ पासून पुढे निबंध हा प्रकार प्रतिष्ठेला नेला. चिपळूणकरांचे निबंध अनेक अंकांतून चालत आणि त्यांत विषयांतरेही मुबलक येत, तरी वाक्य, परिच्छेद आणि संपूर्ण निबंध अशी चढती रचना मराठी गद्यात कायम झाली ती याच काळात.

परिच्छेदात एकच मुद्दा असावा, या नियमाला शिकवण्याजोगे रूप स्कॉटलंडमधील ॲबर्डीन विद्यापीठाचे प्राध्यापक अलेक्झांडर बेन यांनी दिले. इंग्रजी रचना आणि वक्तृत्व यांवरील त्यांचे पुस्तक १८६६ मध्ये निघाले आणि त्यात परिच्छेदाचे सहा नियम सांगितले होते. आरंभीच्या वाक्याने विषय सुचवावा, प्रत्येक वाक्याचा मागील वाक्याशी असलेला संबंध स्पष्ट असावा, आणि परिच्छेदाचा हेतू एकच असून त्यात अवांतर मजकुराला मज्जाव असावा, हे त्यांतले मुख्य. पुढे अमेरिकी शाळांतील रचनेच्या पुस्तकांनी या नियमांवरून सराव तयार केले, आणि परिच्छेदात मुद्दाम एक परके वाक्य घालून ते शोधायला लावणे हा त्याच नियमांचा उलट बाजूने घेतलेला उपयोग आहे. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाल्यावर इंग्रजी रचना हा विषय प्रवेश परीक्षेच्या केंद्रस्थानी आला आणि इंग्रजी शाळांत शिकलेल्या पिढीने तेथील सवयी मराठीत आणल्या. गोपाळ गणेश आगरकरांनी १८८८ मध्ये वाक्यमीमांसा आणि वाक्यांचे पृथक्करण या विषयावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. पृथक्करण म्हणजे वाक्याचे उद्देश्य, विधेय आणि त्यांचे विस्तार असे भाग वेगळे करून त्यांचे परस्परसंबंध दाखवणे. मीमांसकांनी वाक्यावाक्यांत शोधलेला संबंध आणि बेन यांनी परिच्छेदात मागितलेला संबंध, या दोहोंच्या मध्ये आगरकरांचे हे पुस्तक उभे आहे, आणि मराठी शाळांनी त्याचा पृथक्करणापुरताच उपयोग करून घेतला याची खंत वाटल्याशिवाय राहत नाही.

हे सर्व पुण्या-मुंबईत चालले असताना उरणच्या शेतकऱ्याकडून शिक्षणासाठी पैसा मात्र वसूल होत होता. एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकापासून मुंबई इलाख्यात जमीन महसुलावर लोकल फंडाची पट्टी बसवली गेली आणि तिचा एक हिस्सा शिक्षणाकडे वळवला गेला. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात हीच विषमता मांडली : पट्टी शेतकरी देतो, फायदा वरच्या वर्गांना मिळतो. प्राथमिक शिक्षणात काय असावे हे सांगताना त्यांनी मोडी आणि बालबोध या दोन्ही लिपींचे वाचन-लेखन, हिशेब, इतिहास-भूगोल व व्याकरण यांची तोंडओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान, आणि नीती व आरोग्य यांचे धडे, अशी मागणी केली. मोडीचा आग्रह अर्थपूर्ण होता, कारण शेतकऱ्याच्या घरातील कागद मोडीत असत आणि ते न वाचता आल्यामुळेच तो फसवला जाई. वाचन म्हणजे कागदात काय आहे आणि काय नसायला हवे होते हे ओळखणे, हा अर्थ त्या मागणीत अध्याहृत आहे.

मराठी सातवीनंतरची व्हर्नाक्युलर फायनल ही परीक्षा हे पुढील अर्धशतकात ग्रामीण मुलाच्या शिक्षणाचे शिखर होते. ती उत्तीर्ण झालेल्याला शिक्षकाची किंवा तलाठ्याची नोकरी मिळू शके. या पायरीवर उरण परिसरातील मुलापुढे एक अडचण उभी राही. त्याची आगरी बोली उच्चार, क्रियापदांची रूपे आणि शब्दसंग्रह यांत पुस्तकी मराठीहून वेगळी होती, आणि बोलण्याची मांडणीही वेगळी होती. या समाजात लग्नाचे विधी धवलारीण धवले गाऊन करते. मराठीतील आद्य कवयित्री मानल्या जाणाऱ्या महदंबेच्या तेराव्या शतकातील धवळ्यांशी नाते सांगणारा हा गीतप्रकार अत्यंत शिस्तीचा आहे. जो विधी चालू असेल त्याचेच गाणे म्हटले जाते, पुढच्या विधीचे गाणे आधी येत नाही. म्हणजे प्रसंगाला न जुळणारे काय हे आगरी मुलाला चांगलेच ठाऊक असे. मात्र त्याची एकता विधीच्या क्रमाने बांधलेली होती, विषयसूचक पहिल्या वाक्याने नव्हे. त्याने निबंधात घरच्या पद्धतीने प्रसंगामागून प्रसंग सांगितला की समासात विषय सोडून लिहिले असा शेरा पडण्याचा संभव मोठा असे, आणि तो शेरा त्याच्या विचारशक्तीवरचा ठरे, वास्तविक तो फक्त एका विशिष्ट रीतीच्या अपरिचयाचा होता.

या फरकाचे स्वरूप एका उदाहरणाने नीट कळते. समजा, परिच्छेद असा आहे : उधाणाच्या भरतीचे पाणी बांधातून मिठागरात घेतात. ते एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडत नेले की उन्हाने आटून दाट होत जाते. शेवटच्या वाफ्यात मिठाचे खडे तयार होतात. जेवणात मीठ जास्त झाल्यास रक्तदाब वाढतो. खडे ओढून त्यांच्या राशी बांधावर रचतात. खाऱ्या पाण्यात उभे राहून काम करणाऱ्यांच्या पायांना जखमा होतात. पावसाळ्यापूर्वी या राशी झाकून ठेवतात किंवा हलवतात. येथे रक्तदाबाचे वाक्य बाहेरचे आहे, हे बहुतेक मुले सांगतील. मीठ हा शब्द दोन्हीकडे आला एवढ्याने विषय एक होत नाही, हे शिकण्यासाठी ते वाक्य चांगले आहे. परंतु पायांच्या जखमांचे वाक्य आत की बाहेर? परिच्छेदाचा मुद्दा मीठ कसे तयार होते हा असेल तर ते बाहेरचे आहे, मिठागरातील काम कसे असते हा असेल तर ते सर्वांत आवश्यक वाक्य आहे आणि त्याच्याखेरीज परिच्छेद अपुरा आहे. ज्या मुलाच्या घरातील माणसांनी मिठागरात काम केले आहे ते मूल हे वाक्य काढायला तयार होणार नाही, आणि त्याचे कारण विचारले तर ते परिच्छेदाला नवे शीर्षक देईल. विसंगती वाक्यात नसते, वाक्य आणि मुद्दा यांच्या संबंधात असते, आणि मुद्दा आधी बोलून ठरवल्याशिवाय ती शोधायला लावणे म्हणजे शिक्षकाच्या मनातील शीर्षक ओळखायला लावणे होय.

विसाव्या शतकात हा सराव हळूहळू स्थिरावला. प्रल्हाद केशव अत्रे यांच्या नवयुग वाचनमालेने पाठ्यपुस्तकातील गद्य मुलांच्या कानाला जवळचे केले. त्यानंतरच्या काळात मोडी शाळेतून गेली. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आल्या, प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या, आणि २७ जानेवारी १९६७ रोजी पुण्यात बालभारती स्थापन झाल्यावर उरणच्या किनाऱ्यापासून विदर्भापर्यंत एकच पुस्तक वाचले जाऊ लागले. घारापुरी हे लेण्यांसाठी जगप्रसिद्ध असलेले बेटही उरण तालुक्यातच मोडते. तेथे कायमची वीज २०१८ मध्ये पोहोचली, पाठ्यपुस्तक त्याआधीच पोहोचले होते. माध्यमिक शिक्षणही हळूहळू खेड्यांजवळ आले आणि फुंड्यासारख्या गावात रयत शिक्षण संस्थेने विद्यालय चालवले.

सरावाचे आजचे रूप घडवण्यात शिष्यवृत्ती परीक्षांचा वाटा मोठा आहे. १९५४-५५ पासून चालत आलेली ही परीक्षा दीर्घकाळ चौथी आणि सातवीच्या विद्यार्थ्यांसाठी होती. फेब्रुवारी २०१७ पासून ती पाचवी आणि आठवीसाठी घेतली जाऊ लागली. दोन प्रश्नपत्रिका, प्रत्येकी ७५ प्रश्न आणि १५० गुण, त्यांत प्रथम भाषेला ५० गुण, अशी तिची नवी आखणी झाली. बुद्धिमत्ता चाचणीतील गटात न बसणारे पद ओळखण्याचा प्रकार आणि भाषेतील उताऱ्यावरचे प्रश्न यांच्या संयोगातून परिच्छेदातील विसंगत वाक्य ओळखा हा प्रश्न सरावपुस्तिकांत मुरला. उत्तर चार पर्यायांतील एका वर्तुळात रंगवायचे असल्याने त्याला कारणाची जोड देता येत नाही. हजारो मुलांच्या उत्तरपत्रिका समान न्यायाने तपासायच्या तर अशी सोय लागणारच, आणि तिने उरणच्या जिल्हा परिषद शाळेतील मुलाला शहरातील मुलाच्या बरोबरीने गुण मिळवण्याची संधी दिली हे मान्य केले पाहिजे. पण परीक्षेची ही मर्यादा वर्गाचीही मर्यादा बनली, ही गोष्ट चांगली झाली नाही. त्या मानाने दहावीच्या कृतिपत्रिकेतील सारांशलेखन अधिक सकस आहे, कारण तेथे विद्यार्थ्याला संपूर्ण उताऱ्यातील प्रत्येक वाक्य ठेवायचे की सोडायचे हे स्वतः ठरवून पुन्हा लिहावे लागते.

उरणच्या इतिहासात एका वाक्याचे असणे किंवा नसणे किती महाग पडू शकते याचा अनुभव परीक्षेबाहेर आला. सिडको हे महामंडळ मार्च १९७० मध्ये स्थापन झाले आणि ठाणे, पनवेल व उरण भागातील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी संपादनाखाली आल्या. संपादन १८९४ च्या भूमिसंपादन कायद्यानुसार होत होते. या कायद्यात नोटिशीनंतर हरकत घेण्याची मुदत, निवाडा आणि मोबदला असे टप्पे होते, आणि निवाड्याची रक्कम निषेध न नोंदवता स्वीकारणाऱ्याला वाढीव मोबदल्यासाठी न्यायालयाकडे जाण्याचा अर्ज करता येत नसे. म्हणजे पावतीवर निषेध नोंदवून रक्कम घेत आहे या अर्थाचे एक वाक्य आहे की नाही, यावर एका कुटुंबाचा पुढचा हक्क अवलंबून होता. जासईचे सुपुत्र आणि स्वतः वकील असलेले दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जे आंदोलन झाले त्यात जानेवारी १९८४ मध्ये जासई आणि पागोटे परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच आंदोलक मृत्युमुखी पडले, आणि विकसित जमिनीचा साडेबारा टक्के हिस्सा परत देण्याचे धोरण या लढ्यातून पुढे आले. न्हावा-शेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झाले तोपर्यंत उरणमधील कितीतरी घरांत नोटिसा, निवाडे आणि प्रतिज्ञापत्रे यांची पिशवी तयार झाली होती, आणि ती समजून घेण्यासाठी घरातील शाळकरी मुलाला पुढे बसवण्यात येई. त्या मुलाला शाळेने परिच्छेदातील परके वाक्य ओळखायला शिकवले असेल तर त्याचा उपयोग येथे होता. फक्त वर्तुळ रंगवायला शिकवले असेल तर नव्हता.

या इतिहासावरून पाहता विसंगत वाक्याचा सराव शाळेतून काढून टाकण्याचे काही कारण नाही, तो अर्धवट घेतला जातो ही तक्रार मात्र रास्त आहे. मुलाने वाक्य काढल्यावर त्याला तीन प्रश्न विचारले पाहिजेत : परिच्छेदाचा मुद्दा एका वाक्यात कसा सांगता येईल, काढलेले वाक्य त्या मुद्द्याला का लागत नाही, आणि ते कोणत्या दुसऱ्या परिच्छेदात शोभेल. पहिल्या प्रश्नात कलमाची शिस्त आहे, दुसऱ्यात नैयायिकाची, तिसऱ्यात मीमांसकाची. यासाठी वेगळे साहित्य विकत घ्यावे लागत नाही; मोऱ्याच्या लाँचचा फलक, ग्रामसभेची सूचना, मिठागराचे वर्णन, घरात पडून असलेली जुनी नोटीस, यांतूनच परिच्छेद तयार होतात, आणि मुलांनी आगरीत सांगितलेली वाक्ये आधी तशीच फळ्यावर लिहून मग ती प्रमाण मराठीत आणता येतात. शिष्यवृत्तीच्या उत्तरपत्रिकेत कारण लिहायला जागा नसते. वर्गाच्या फळ्यावर ती असते, आणि उरणच्या शिक्षकांनी, विशेषतः पहिल्यांदाच लिहिते झालेल्या घरांतील मुलांसाठी, ती जागा दररोज वापरावी.